पोट साफ होत नाही? आतडं कसं चालतं आणि घरी काय करता येतं

आपल्याकडे घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सकाळची विचारपूस ‘पोट साफ झालं का?’ इथूनच सुरू होते. त्यामुळे एक दिवस चुकला की माणूस बेचैन होतो. रात्री चूर्ण घेतो, दुसऱ्या दिवशी तीन-चारदा पळावं लागतं, तिसऱ्या दिवशी मोठं आतडं रिकामंच असल्यामुळे काहीच होत नाही, म्हणून पुन्हा चूर्ण. अशा फेऱ्यात अडकलेल्या बऱ्याच जणांच्या आतड्यात काही बिघाड नसतो. आतड्याला भरायला जो वेळ लागतो तेवढा त्यांनी दिलेला नसतो, इतकंच. म्हणून आधी आतडं कसं चालतं ते पाहू. पुढचे उपाय त्याच क्रमाने येतील.

घास ते संडास

रात्री साडेआठला पिठलं-भाकरी खाल्ली असं धरा. जठरात ती दोन ते चार तास घुसळली जाते, तूप-तेल जास्त असेल तर आणखी वेळ. मग पातळ लगदा थोडा थोडा लहान आतड्यात उतरतो. लहान आतडं शवविच्छेदनात सहा मीटरच्या आसपास भरतं. जिवंत माणसात स्नायू आकसलेले असल्यामुळे ते बरंच आखूड असतं. त्याच्या पहिल्या साधारण २५ सेंटीमीटरच्या भागात यकृताकडून पित्त आणि स्वादुपिंडाकडून पाचकरस येऊन मिळतात. पिष्टाची साखर, प्रथिनांची अमिनो आम्लं आणि चरबीचे बारीक कण पुढच्या काही तासांत होतात. आतल्या अस्तराला बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात आणि शोषण त्यांच्यातून होतं. या अस्तराचं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं असतं, असं जुन्या पुस्तकांत छापलेलं असे. २०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नव्याने मोजलं तेव्हा ते ३० चौरस मीटरच्या घरात निघालं.

खरी गंमत पाण्याची आहे. दिवसभरात लहान आतड्यात आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातला खाण्यापिण्यातून आलेला जेमतेम दोन लिटर. बाकीचा लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असा शरीरानेच ओतलेला. यातला बहुतेक द्रव लहान आतडं परत शोषून घेतं, दीडेक लिटर मोठ्या आतड्यात जातो आणि शेवटी शौचातून बाहेर पडतं ते फक्त शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी. म्हणजे आतड्यातून माल भराभर पुढे सरकला की पाणी शोषायला वेळ मिळत नाही आणि जुलाब होतात. तो रेंगाळला की पाणी जास्त शोषलं जातं आणि खडा होतो. बद्धकोष्ठ आणि जुलाब यांच्या बहुतेक उपायांमागे हा एवढाच हिशेब असतो.

मोठं आतडं दीड मीटरचं, पण सगळ्यात जास्त वेळ खाणारं. इथे एक ते दोन दिवस सहज जातात. आपल्याला न पचलेला चोथा इथले जीवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारी ब्युटिरेटसारखी आम्लं हेच मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य अन्न. शौचात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं आणि उरलेल्या घन भागातला मोठा वाटा जीवाणूंचा असतो. म्हणूनच दोन दिवस काही खाल्लं नाही तरी थोडंफार शौचाला होतं.

आज सकाळी जे पडलं ते बहुधा काल रात्रीचं पिठलं नव्हे, त्याच्याही आधीचं जेवण आहे. ‘जेवलं की लगेच जावं लागतं, अन्न अंगी लागत नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पोटात अन्न पडताच मोठ्या आतड्याला पुढे ढकलण्याचा इशारा जातो. बाहेर येतं ते आधीपासून तिथे थांबलेलं असतं. हा इशारा सकाळी उठल्यावर आणि न्याहारीनंतर सगळ्यात जोरात येतो.

मळ गुदाशयात उतरला की तिथला ताण जाणवतो आणि कळ येते. आतली झडप आपोआप सैल होते, बाहेरची मात्र आपल्या हातात असते. ती दाबून धरली तर काही वेळाने कळ विरते आणि मळ तिथेच सुकत बसतो. रोज दाबत गेलं तर कळ येण्याचं प्रमाणच कमी होतं.

पायरी पहिली: दोन आठवडे नुसती नोंद

औषध नाही, आहारात बदल नाही. वहीत तारीख, वेळ, किती जोर लावला, रक्त दिसलं का आणि मळाचं रूप कसं होतं एवढंच लिहायचं. रूपासाठी ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेली सात प्रकारांची पट्टी जगभर वापरतात. पहिला प्रकार म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक खडे. दुसरा गाठीगाठींचा जाड लांबट गोळा, तिसरा लांबट पण वर भेगा असलेला, चौथा गुळगुळीत आणि मऊ. पाचव्यात मऊ तुकडे, सहाव्यात फाटका चिखल आणि सातव्यात निव्वळ पाणी. तिसरा-चौथा उत्तम. पहिला-दुसरा म्हणजे बद्धकोष्ठ, सहावा-सातवा म्हणजे जुलाब. पाचवा दिवसातून दोनदा झाला तरी घाबरायचं कारण नाही.

किती वेळा व्हायला हवं? दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, हे सगळं निरोगी माणसांत आढळतं. दिवसाआड, पण मऊ आणि विनासायास होत असेल तर ते बद्धकोष्ठ नव्हे. उलट रोज जाऊनही खडे पडत असतील, कुंथावं लागत असेल, तर ते नक्कीच आहे.

रंगाबद्दल दोन शब्द. बीट खाल्ल्यावर लाल, पालेभाजीने हिरवट, लोहाच्या गोळ्यांनी काळपट हिरवा मळ होतो, हे निरुपद्रवी. डांबरासारखा काळा, चिकट, उग्र वासाचा मळ म्हणजे वरच्या भागात रक्तस्राव. त्याच दिवशी दवाखाना. मळ पांढुरका, लघवी गडद आणि डोळे पिवळे असतील तर पित्ताचा मार्ग अडला असण्याची शक्यता आहे. तिथेही उशीर नको.

याच वहीत चालू औषधांची यादी लिहा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, अॅल्युमिनियम असलेली अँटासिडं, रक्तदाबावरची काही औषधं, ही सगळी मळ कडक करतात. बद्धकोष्ठाचं कारण कित्येकदा या यादीतच सापडतं आणि आपण शोधत असतो आहारात.

पायरी दुसरी: वेळ आणि बैठक

हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि सगळ्यात कमी केला जाणारा. मुंबई-ठाण्याकडे ७.५२ ची लोकल गाठायची म्हणून माणसं उपाशीपोटी निघतात. न्याहारीचा इशारा येतो तेव्हा ती गर्दीत उभी असतात आणि ऑफिसात पोचेपर्यंत कळ विरलेली असते. मग औषधाच्या दुकानात. अर्धा तास लवकर उठा, काहीतरी खा आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात संडासात जा. कळ नसली तरी पाच-दहा मिनिटं बसा, झालं नाही तर उठा. मोबाईल बाहेर ठेवा, कारण तो हातात असला की दहाची पंचवीस मिनिटं होतात आणि तेवढा वेळ कमोडवर बसून राहण्याने मूळव्याधीला आमंत्रण मिळतं.

गुदाशयाभोवती एका स्नायूचा फास असतो. आपण उभे किंवा ताठ बसलेले असतो तेव्हा तो नळीला वाकवून ठेवतो. उकिडवं बसल्यावर तो सैल होतो आणि मार्ग सरळ होतो. देशी संडासात हे आपोआप साधतं. गुडघे दुखतात म्हणून कमोड वापरत असाल तर पायाखाली वीतभर उंच पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, किंचित पुढे झुका. श्वास कोंडून जोर लावू नका. पोट पुढे फुगवा आणि खालचा भाग सैल सोडा.

सकाळचं गरम पाणी किंवा चहा चालेल. त्यात जादू काही नाही, पोटात काहीतरी गेलं हेच त्याचं काम. पण ‘मशेरी लावल्याशिवाय होत नाही’, ‘विडी ओढल्याशिवाय होत नाही’ हे गावोगाव ऐकू येतं त्याचं काय? निकोटीन आतड्याला चाळवतं, हे खरं. त्याची किंमत तोंडाच्या कर्करोगाचा धोका ही आहे, आणि तेच काम न्याहारीही करते.

पायरी तिसरी: चोथा, हळूहळू

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ सुचवते. आपल्या जुन्या जेवणात हे सहज होतं. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि चाळून कोंडा न काढलेली कणीक यांत शंभर ग्रॅममागे सुमारे १० ते ११ ग्रॅम चोथा असतो. पॉलिश केलेला तांदूळ आणि मैदा यांत तीनच्याही खाली. म्हणजे दोन भाकऱ्यांत दहा-बारा ग्रॅम येतात, तर भात आणि ब्रेडवर राहणाऱ्याला तेवढ्यासाठी ताट भरभरून जेवावं लागेल. अख्खे मूग, मटकी, हरभरे हे याहून सरस. फळांत पेरूचा हात कुणी धरू शकत नाही.

उपवासाच्या दिवशी काय होतं तेही पाहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत जो थोडा चोथा असतो तो शेंगदाण्याचा. चातुर्मासात किंवा नवरात्रात ‘पोट गच्च’ झाल्याची तक्रार वाढते यात नवल नाही. वरी, राजगिरा, रताळं आणि फळं यांच्याकडे वळलं तर उपवासही मोडत नाही आणि पोटही.

चोथा एकदम वाढवू नका. जीवाणूंना सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. घाई केली तर पोट डब्ब होतं आणि माणूस ‘मला भाकरी सोसत नाही’ म्हणून सोडून देतो. आठवड्याला एक बदल पुरे. पाणी तहानेप्रमाणे, लघवी फिकट पिवळी राहील इतकं. चोथा न वाढवता नुसतं चार-पाच लिटर पाणी पिण्याचा उपयोग नाही. जास्तीचं पाणी मूत्रपिंडं बाहेर टाकतात, ते मळात जात नाही. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

पायरी चौथी: औषधांची उतरंड

महिनाभर वरचं सगळं करूनही खडे पडतात तेव्हा औषधाकडे जा, आणि सौम्यापासून सुरुवात करा.

इसबगोल आधी. रात्री किंवा सकाळी एक ते दोन चमचे, भरपूर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी पेलाभर पाणी. कोरडं तोंडात टाकू नका, ते घशात फुगून अडकू शकतं. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात; एका रात्रीत काही झालं नाही म्हणून डबा फेकू नका.

त्यानंतर लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल. ही आतड्यात पाणी धरून ठेवतात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ घेता येतात.

त्यानंतर सोनामुखी, बिसाकोडिल, एरंडेल. ही आतड्याला चिमटा काढून हलवणारी औषधं. बाजारातल्या बहुतेक ‘नैसर्गिक’ चूर्णांचा जोर सोनामुखीतच असतो. डब्यावरची घटकांची यादी वाचा. त्यांनी आतडं कायमचं निकामी होतं या भीतीला ठोस पुरावा नाही, पण कारण न शोधता वर्षानुवर्षं रोज रात्री चूर्ण घेणं म्हणजे तक्रार झाकून ठेवणं. एरंडेलाने पोटात मुरडा येतो. गरोदरपणी ते घेऊ नये. लहान मुलांना महिन्याला एकदा ‘कोठा साफ’ करायला एरंडेल पाजण्याची जुनी पद्धत मला तरी अनावश्यक वाटते. आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षं मळ चिकटून राहत नाही. तिच्या अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी झडून नव्या येतात. ‘डिटॉक्स’ आणि आतडं धुण्याच्या महागड्या पॅकेजांनाही हेच उत्तर.

एक प्रकार मात्र या सगळ्याला दाद देत नाही. मळ मऊ आहे, कळ येते, पण बाहेर पडत नाही, कधी बोटाने मदत करावी लागते. इथे कुंथताना खालचे स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळले जातात. लाजेपोटी लोक हे डॉक्टरांनाही सांगत नाहीत आणि चूर्णांचे डोस वाढवत राहतात. यावर बायोफीडबॅक नावाचं स्नायूंचं प्रशिक्षण असतं, मोठ्या शहरांतल्या पोटविकार विभागांत ते मिळतं. ‘बोट लावावं लागतं’ एवढं एक वाक्य डॉक्टरांना सांगितलंत तर निदानाचा निम्मा रस्ता संपतो.

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना आणि शाळकरी मुलांना अचानक थोडे थोडे पातळ होऊ लागलं, कपडे खराब होऊ लागले, तर जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या देण्याआधी थांबा. आत मोठा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो असं खूपदा निघतं. गोळी दिली तर खडा आणखी घट्ट बसतो.

जुलाब लागले तर

इथे आतड्याच्या अस्तरातली एक खुबी कामी येते. साखर आणि मीठ एकत्र असतील तर ती दोन्ही एकाच दारातून आत शोषली जातात आणि त्यांच्यामागे पाणीही जातं. जुलाब चालू असतानाही हे दार बहुधा उघडं राहतं. १९७१ साली बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला तेव्हा बंगालमधल्या बनगाव छावणीत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांच्या हाताने रुग्णांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं ते २०२३ साली.

औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी सगळ्यात चांगली. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच. टेट्रापॅकमधली गोड सरबतं आणि शीतपेयं ओआरएसची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांतली जादा साखर जुलाब वाढवते. प्रत्येक जुलाबानंतर पाजा, उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने. खाणं बंद करू नका: पेज, मऊ भात, वरण, ताक, केळं. बाळाचं अंगावरचं दूध चालूच ठेवा. सहा महिन्यांवरच्या मुलांना डॉक्टर जोडीला १० ते १४ दिवस झिंक देतात.

साध्या जुलाबाला अँटिबायोटिक लागत नाही. कपाटातली उरलेली पट्टी काढून दोन गोळ्या घेण्याची सवय आतड्यातल्या उपयोगी जीवाणूंनाच आधी मारते. ताप किंवा रक्त-आव असेल तर जुलाब थांबवणारी लोपेरामाइडही घेऊ नका. डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, मूल सुस्त पडलं, पोटात काहीच ठरत नाही, शौचात रक्त आलं, तर घरी थांबू नका.

वायू, दूध आणि ‘कोठा हलका’

दिवसातून दहा-वीसदा वारा सरणं नेहमीचंच. कडधान्यांत काही शर्करा अशा असतात की त्या फोडणारं विकर आपल्याकडे नाही. जीवाणूंकडे आहे, म्हणून वायू. रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं आणि मोड आणले की त्रास पुष्कळ कमी होतो. दुधाचं गणित वेगळं. आपल्या देशात मोठ्या माणसांपैकी बहुतेकांच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं विकर कमी झालेलं असतं. दोन आठवडे दूध आणि खवा बंद करून पाहा, मग पुन्हा सुरू करा. फरक स्पष्ट दिसेल. दही-ताक सहसा सोसतं.

आठवड्यातून एखादा दिवस तरी पोट दुखतं, त्याचा शौचाशी संबंध असतो, कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब, आणि हे तीन महिने चाललंय, तर त्याला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) म्हणतात. आतडं खराब नसतं, त्याच्या नसा जास्त संवेदनशील झालेल्या असतात. परीक्षा किंवा घरातलं भांडण यांनी तो भडकतो. कांदा, लसूण आणि गहू काही आठवडे कमी करून एकेक परत आणणं बऱ्याच जणांना मानवतं. मात्र आपल्या देशात आतड्याचा क्षयही आढळतो. बारीक ताप, वजन उतरणं आणि उजवीकडे खाली दुखणं असेल तर त्याला आयबीएस म्हणून सोडून देऊ नका.

रक्त पडलं म्हणजे मूळव्याधच नव्हे

आपल्याकडे खालच्या भागाच्या प्रत्येक तक्रारीला मूळव्याध म्हणतात. न दुखता ताजं लाल रक्त टपकत असेल तर बहुधा मूळव्याध. शौचाच्या वेळी काचेने चिरल्यासारखं आणि नंतरही तासभर ठणकत असेल तर फिशर. बाजूला पुळी येऊन पू येत राहिला तर भगंदर. फिशरला मळ मऊ ठेवणं आणि दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसणं यानेच बरेचदा आराम पडतो.

पण न तपासता, नुसत्या बोलण्यावरून ‘मूळव्याध आहे’ म्हणून गोळ्या देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका, मग पाटी कसलीही असो. गुदाशयाच्या कर्करोगातही असंच रक्त पडतं, आणि तो बोटाने किंवा छोट्या दुर्बिणीने दोन मिनिटांत कळू शकतो.

पंचेचाळिशीनंतर शौचाची सवय बदलून तीन आठवड्यांहून जास्त झाले, वजन कारण नसताना उतरलं, हिमोग्लोबिन कमी निघालं, झोपेतून उठून जावं लागतं, किंवा आई-वडील-भावंडांत कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर पोटविकारतज्ज्ञांकडे जा आणि ती दोन आठवड्यांची वही सोबत न्या. ते कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, सांगतील. तपासणी भूल किंवा गुंगी देऊन होते आणि साधारण अर्ध्या तासात संपते. त्रास असतो तो आदल्या दिवशीच्या तयारीचा. काही दिवस आधीपासून बिया, साली, मोडाची कडधान्यं आणि इसबगोल बंद. आदल्या दिवशी फक्त पातळ: गाळलेलं वरणाचं पाणी, शहाळं, फिकट सरबत. बीट किंवा लाल रंगाचं काही नको, कारण आत ते रक्तासारखं दिसतं. रेचकाचं पाणी गार करून, थोडं थांबत थांबत प्यायलं तर मळमळ कमी होते. शेवटी बाहेर पडणारं पाणी लघवीसारखं पिवळसर आणि पारदर्शक दिसायला हवं. गढूळ असेल तर तपासणीच्या आधीच तिथल्या नर्सना सांगा. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या औषधांचं मात्र स्वतःहून काही ठरवू नका, ती कधी बंद आणि कधी सुरू करायची ते तारखेसह कागदावर लिहून घ्या.